मानेतली गाठ फोटोवरून ओळखता येते का? दुर्मिळ सॉफ्ट टिश्यू ट्यूमरचं निदान असं होतं

दाढी करताना किंवा वेणी घालताना जबड्याखाली हात जातो आणि काहीतरी टणक लागतं. पुढच्या पाच मिनिटांत काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. फोन काढायचा, गाठीचा फोटो घ्यायचा, एखाद्या एआय चॅटबॉटला दाखवायचा आणि विचारायचं, "हे काय आहे?" उत्तरही लगेच येतं. कधी "साधी सूज", तर कधी थेट "कॅन्सर असू शकतो".

पहिलं उत्तर वाचून माणूस सहा महिने गप्प बसतो. दुसरं वाचून त्याची झोप उडते. दोन्ही उत्तरांना आधार मात्र सारखाच, म्हणजे जवळपास शून्य असतो. डोकं आणि मान या भागातल्या गाठींचं निदान ठरलेल्या क्रमाने होतं: हाताने तपासणी, स्कॅन, सुई, मायक्रोस्कोप आणि गरज पडल्यास जीनची तपासणी. हा क्रम चुकला तर पुढचे उपचारही अवघड होतात. या लेखात प्रत्येक पायरी कशासाठी असते आणि त्यात तुमचा फोन खरोखर कुठे उपयोगी पडतो, ते पाहूया.

सॉफ्ट टिश्यू म्हणजे काय?

शरीरात हाडं आणि आतले अवयव सोडले तर उरतं ते बरंचसं सॉफ्ट टिश्यू: स्नायू, चरबी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारे तंतू. यातल्या कुठल्याही पेशीची अवाजवी वाढ झाली की ट्यूमर तयार होतो. ट्यूमर म्हणजे कॅन्सर असं नाही. चरबीची साधी गाठ, म्हणजे लायपोमा, हाही ट्यूमरच आहे आणि तो निरुपद्रवी असतो. सॉफ्ट टिश्यूच्या घातक ट्यूमरला सार्कोमा म्हणतात.

प्रौढांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सार्कोमाचं प्रमाण साधारण १ टक्का आहे. सॉफ्ट टिश्यू सार्कोमांपैकी साधारण ५ ते १० टक्केच डोकं आणि मान या भागात होतात. म्हणजे दुर्मिळातले दुर्मिळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या ट्यूमरच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती काढली. त्यात साधे आणि घातक मिळून शंभराहून जास्त प्रकार आहेत. एखाद्या डॉक्टरला यातले कितीतरी प्रकार अख्ख्या कारकिर्दीत एकदाही दिसत नाहीत. निदान अवघड असण्याचं पहिलं कारण हेच.

आधी दिलासा: बहुतेक गाठी वेगळ्याच असतात

मानेत हाताला लागणारी गाठ बहुतेक वेळा सॉफ्ट टिश्यू ट्यूमर नसतेच. घसा किंवा दात दुखत असताना सुजलेली लसिकाग्रंथी, थायरॉइडची गाठ, जन्मापासूनची पाण्याची गाठ ही नेहमीची कारणं. आपल्याकडे मानेतल्या लसिकाग्रंथींचा टीबीही भरपूर आढळतो. त्यामुळे गाठ लागली की लगेच सार्कोमा डोक्यात आणू नका.

पण पुढीलपैकी काही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं, वाट पाहायची नाही:

- गाठ दोन आठवडे झाले तरी कमी होत नाही, किंवा कधीपासून आहे तेच माहीत नाही
- गाठ टणक आहे, हलवली तर हलत नाही, किंवा आकार दीड सेंटिमीटरहून मोठा आहे
- गाठ सतत वाढते आहे किंवा वरची त्वचा फुटली आहे
- एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येतं आणि तीच नाकपुडी बंद राहते
- आवाज बदलला, गिळायला त्रास होतो, चेहऱ्याचा एक भाग बधिर झाला किंवा लुळा पडला

लहान मुलाचा एक डोळा काही दिवसांतच पुढे आल्यासारखा दिसू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणजे रॅब्डोमायोसार्कोमा. तो डोळ्याच्या खोबणीत झाला की असा दिसू शकतो. वेळेत सापडला तर त्यावर चांगले उपचार आहेत.

फोनच्या कॅमेऱ्याला ही गाठ का कळत नाही?

कॅमेरा टिपतो तो त्वचेवरून परत आलेला प्रकाश. त्वचेवरचा डाग किंवा तोंडातला चट्टा फोटोत दिसतो, कारण तो पृष्ठभागावरच असतो. सॉफ्ट टिश्यूची गाठ असते त्वचेच्या खाली, कधी स्नायूच्याही मागे. फोटोत दिसतो तो फक्त वरचा उंचवटा. चरबीची गाठ, मज्जातंतूची गाठ आणि सार्कोमा यांचा उंचवटा अगदी सारखा दिसू शकतो. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा असला तरी जी माहिती प्रकाशात नाही, ती फोटोत कुठून येणार?

गाठीचा वेगही फसवतो

"झपाट्याने वाढली म्हणजे वाईट, हळू वाढली म्हणजे साधी" असा आपला समज असतो. दोन उदाहरणं पाहा.

नोड्युलर फॅसायटिस ही गाठ दोन-तीन आठवड्यांत फुगते. मायक्रोस्कोपखाली तिच्या पेशी भराभर विभागताना दिसतात. पूर्वी अशा गाठींना सार्कोमा समजून मोठी ऑपरेशनं झालेली आहेत. प्रत्यक्षात ती निरुपद्रवी असते आणि पुष्कळदा आपोआप विरघळते. २०११ मध्ये संशोधकांना तिच्या पेशींत यूएसपी६ या जीनची मोडतोड सापडली. त्यामुळे आज शंका आली तर तपासून खात्री करता येते.

दुसरीकडे सायनोव्हियल सार्कोमा. हा तरुणांमध्ये जास्त आढळतो. बरेचदा तो हळूहळू, कधी वर्षानुवर्षं वाढतो, आकाराने आटोपशीर असतो आणि स्कॅनमध्येही साध्या गाठीसारखा दिसू शकतो. पण तो घातक असतो.

जी भयंकर वाटते ती साधी निघते आणि जी साधी वाटते ती घातक. म्हणून अंदाजावर न थांबता पुढच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

पायरी १: डॉक्टरांचा हात आणि प्रश्न

गाठ कधीपासून आहे, किती वाढली, दुखते का, घरात कुणाला अशी गाठ होती का, हे प्रश्न फालतू नसतात. जबड्याच्या कोपऱ्याखाली मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी दोन फाट्यांत विभागते. तिथे पॅरागँग्लिओमा नावाचा ट्यूमर होऊ शकतो. तो बोटाने डावीकडे-उजवीकडे हलतो, पण वर-खाली हलत नाही, कारण तो रक्तवाहिनीला चिकटलेला असतो. हे फक्त हाताला कळतं. नाक आणि घशाच्या आत बघायला डॉक्टर बारीक कॅमेऱ्याची दुर्बीण वापरतात.

पायरी २: स्कॅन

सोनोग्राफी बहुतेक वेळा आधी होते. ती स्वस्त आहे आणि तिच्यात किरणोत्सर्ग नसतो. गाठ पाण्याची आहे की भरीव, ती लसिकाग्रंथी आहे का, हे कळतं. डॉप्लर लावला की आत रक्तप्रवाह किती आहे तेही दिसतं.

सीटी स्कॅन एक्स-रेवर चालतो. त्यात प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा मिळतो. पाण्याचा आकडा ० धरलेला आहे आणि चरबीचा साधारण उणे १०० च्या आसपास येतो. हाड कुठे झिजलं आहे किंवा ढकललं गेलं आहे, हे सीटीत उत्तम दिसतं.

एमआरआय हा सॉफ्ट टिश्यूसाठी सगळ्यात कामाचा. यात एक्स-रे नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या मदतीने शरीरातल्या हायड्रोजनकडून सिग्नल घेतला जातो. एकाच गाठीचे वेगवेगळ्या सेटिंगवर फोटो काढले जातात. टी१ सेटिंगवर चरबी पांढरी दिसते. मग चरबीचा सिग्नल मुद्दाम बंद करतात. गाठही तिच्यासोबत काळी झाली तर ती चरबीचीच, हे पक्कं. टी२ सेटिंगवर पाणी जास्त असलेला भाग चमकतो. गाठ कुठल्या नसेला किंवा रक्तवाहिनीला भिडली आहे याचा नकाशा एमआरआयमधूनच मिळतो.

सुई टोचायच्या आधी स्कॅन का?

क्रम महत्त्वाचा आहे असं वर म्हटलं, त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण किशोरवयीन मुलांचं आहे. ज्युवेनाइल अँजिओफायब्रोमा हा ट्यूमर नाकाच्या मागच्या भागात होतो आणि जवळपास फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होतो. एका बाजूचं नाक बंद, त्यातूनच वारंवार रक्त. तो कॅन्सर नाही, पण त्यात रक्तवाहिन्या इतक्या ठासून भरलेल्या असतात की ओपीडीत तुकडा काढायला गेलं तर रक्तस्राव आवरत नाही. म्हणून यात बायोप्सी टाळतात. सीटीमध्ये गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे वाकलेली दिसते. मुलाचं वय, लक्षणं आणि स्कॅन जुळले की निदान झालं. ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी त्याच्या रक्तवाहिन्या आतून बंद करतात, म्हणजे रक्त कमी जातं.

मघाचा पॅरागँग्लिओमाही असाच. स्कॅनमध्ये तो रक्तवाहिनीच्या दोन फाट्यांना फाकवताना दिसतो. इथेही बायोप्सी सहसा करत नाहीत. उलट जीनची तपासणी सुचवतात, कारण यातले बरेच ट्यूमर आनुवंशिक असतात. एसडीएचडी या जीनमधला दोष वडिलांकडून आला तर आजार दिसतो. आईकडून आला तर सहसा दिसत नाही. म्हणजे एका माणसाच्या निदानामुळे भावंडांचीही वेळेत तपासणी होऊ शकते.

पायरी ३: सुई

स्कॅनवरून सुई घालणं सुरक्षित आहे असं ठरलं की नमुना घेतात. याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

एफएनएसी: इंजेक्शनसारख्या बारीक सुईने थोड्या पेशी ओढून घेतात. लसिकाग्रंथी आणि थायरॉइडसाठी ही तपासणी झकास. पण सॉफ्ट टिश्यूत पेशींची मांडणी कळणं गरजेचं असतं आणि इथे मिळतात त्या सुट्या पेशी. भिंतीतून सुटलेल्या विटा बघून घराचा आराखडा सांगण्यासारखं आहे ते.

कोअर बायोप्सी: जरा जाड, पोकळ सुईने पेन्सिलच्या शिशासारखा बारीक सलग तुकडा काढतात. जागा बधिर केलेली असते आणि बहुतेक वेळा सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुई नेतात. सार्कोमाचा संशय असेल तर सहसा हीच निवडतात.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे तुम्ही घरी ऐकलं असेल. नीट आखून केलेल्या कोअर बायोप्सीत ही शक्यता अगदी कमी असते. सुईची वाट पुढच्या ऑपरेशनच्या रेषेत येईल अशी ठेवतात. खरा धोका वेगळाच आहे, तो पुढे सांगतो.

पायरी ४: पॅथॉलॉजी लॅब

तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप करतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना करा. मेणाचा हा ठोकळा म्हणजे ब्लॉक आणि काचेवरचा काप म्हणजे स्लाइड. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

काप गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली पाहतात. पण लांबट पेशींचे कितीतरी ट्यूमर इथे एकमेकांची भावंडं वाटतात. मग आयएचसी ही चाचणी येते. पेशीतल्या विशिष्ट प्रथिनाला चिकटणारं रसायन टाकतात. प्रथिन असेल तर तिथे तपकिरी रंग उमटतो. उदाहरणार्थ:

- डेस्मिन आणि मायोजेनिन उमटले: स्नायूकडे कल, रॅब्डोमायोसार्कोमाचा विचार
- एस१०० आणि सॉक्स१० ठळक: मज्जातंतूच्या आवरणाचा श्वानोमा असू शकतो
- स्टॅट६ पेशीच्या केंद्रकात: सॉलिटरी फायब्रस ट्यूमर
- सीडी३१ आणि ईआरजी: रक्तवाहिनीच्या अस्तरातला ट्यूमर

एकाच रंगावर निकाल लागत नाही. काय उमटलं आणि काय उमटलं नाही, दोन्ही मिळून उत्तर ठरतं. ट्यूमर घातक असेल तर पेशी मूळ पेशींपासून किती बदलल्या, किती विभागत आहेत आणि किती भाग मेला आहे, यावरून त्याची १ ते ३ अशी ग्रेड ठरते.

पायरी ५: जीन

काही सार्कोमांमध्ये दोन वेगवेगळे जीन तुटून एकमेकांना जोडले जातात. ही जोडी त्या ट्यूमरची ओळख बनते. सायनोव्हियल सार्कोमात एसएस१८ आणि एसएसएक्स यांची जोडी असते. फिश नावाच्या चाचणीत जीनच्या दोन टोकांना लाल आणि हिरवे चमकते ठिपके लावतात. जीन अखंड असेल तर ठिपके जवळजवळ दिसतात, तुटला असेल तर दूर जातात. एनजीएस या नव्या पद्धतीत अनेक जीन एकाच वेळी वाचले जातात.

याने उपचारही बदलतात. रॅब्डोमायोसार्कोमात पॅक्स३ किंवा पॅक्स७ हा जीन फॉक्सो१ला जोडलेला असेल, तर आजार जास्त आक्रमक मानतात आणि त्यानुसार उपचारांची तीव्रता ठरवतात.

आणखी एक गोष्ट पाहा. नाकाच्या वरच्या पोकळीत होणारा एक हळू वाढणारा सार्कोमा आहे. त्याच्या पेशींत स्नायू आणि मज्जातंतू दोन्हींच्या खुणा दिसतात. २०१२ पर्यंत त्याला स्वतंत्र ओळखच नव्हती आणि अशा रुग्णांच्या रिपोर्टवर इतर ट्यूमरची नावं पडायची. २०१२ मध्ये त्याचं वेगळं वर्णन झालं आणि २०१४ मध्ये त्यातली पॅक्स३ आणि एमएएमएल३ ही जोडी सापडली. आज त्याला बायफेनोटिपिक सायनोनेझल सार्कोमा म्हणतात. तो सहसा दूर पसरत नाही, त्यामुळे ऑपरेशनवर भर असतो. नाव बरोबर मिळालं की नको ते उपचार टळतात.

मग एआय कुठे आहे?

आहे, पण सेल्फीत नाही. डीएनएवर मिथाइलचे बारीक रासायनिक शिक्के असतात आणि प्रत्येक प्रकारच्या ट्यूमरमध्ये त्यांची नक्षी वेगळी असते. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांच्या पुढाकाराने १,०७७ नमुन्यांवर मशीन लर्निंगचा एक क्लासिफायर तयार झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सॉफ्ट टिश्यू आणि हाडांच्या ट्यूमरचे ६२ गट ओळखतो. लक्षात घ्या, त्यालाही आधी ट्यूमरचा तुकडा लागतो. आणि त्याचं उत्तर पॅथॉलॉजिस्ट बाकीच्या पुराव्यांशी ताडून पाहतात.

डोकं आणि मान वेगळी का?

मांडीत ५ सेंटिमीटरचा ट्यूमर लहान समजतात. मानेत तेवढ्याच जागेत मेंदूची रक्तवाहिनी, आवाजाची नस आणि श्वासनलिका येते. म्हणूनच स्टेज ठरवण्याच्या एजेसीसी पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत या भागासाठी वेगळे निकष केले. हातापायांत पहिली पातळी ५ सेंटिमीटरपर्यंत, तर डोकं-मानेत फक्त २ सेंटिमीटरपर्यंत.

आता तो खरा धोका. "चरबीची गाठ आहे, दहा मिनिटांत काढून टाकू" असं म्हणून स्कॅन आणि बायोप्सी न करता गाठ कापली जाते. नंतर रिपोर्ट येतो: सार्कोमा. तोवर गाठीच्या कडा कुठे होत्या हे कळायला मार्ग नसतो आणि काही पेशी मागे राहिलेल्या असू शकतात. पुन्हा, आणि आधीपेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं. कधीकधी तर काढलेला तुकडा तपासायला पाठवलेलाच नसतो. म्हणून मानेतली किंवा चेहऱ्यावरची खोल गाठ काढायच्या आधी दोन प्रश्न विचारा: "आधी स्कॅन करायचा का?" आणि "काढलेली गाठ तपासायला जाणार ना?"

तुमचा फोन इथे खरंच मदत करतो

- तारखेसह फोटो: दर आठवड्याला, त्याच उजेडात, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. निदान होणार नाही, पण वाढीचा वेग डॉक्टरांना दिसेल.
- मूळ स्कॅन जपा: फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो कामाचा नाही. सेंटरकडून डायकॉम फाइल सीडी किंवा लिंकवर मागा.
- व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा: फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते आणि बारकावे जातात.
- रिपोर्ट एका जागी ठेवा: साध्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये तारखेचं नाव देऊन, किंवा १४ अंकी आभा क्रमांकाला जोडून.
- ब्लॉक आणि स्लाइडची पावती: नमुन्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. दुसरं मत घेताना रिपोर्टचा कागद पुरत नाही, ब्लॉक आणि स्लाइडच न्यावे लागतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुसरं मत घेतलं तर डॉक्टर नाराज होतील का?
दुर्मिळ ट्यूमरमध्ये दुसरं मत ही नेहमीचीच गोष्ट आहे. सार्कोमा सतत पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे स्लाइड गेल्यावर निदान बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर केंद्रांत बाहेरच्या स्लाइड पुन्हा तपासल्या जातात.

रिपोर्टला इतका वेळ का लागतो?
पहिली स्लाइड काही दिवसांत होते. आयएचसीला आणखी दिवस आणि जीनच्या चाचणीला काही आठवडेही लागू शकतात. उशीर म्हणजे वाईट बातमी असं समजू नका.

रिपोर्टमध्ये "स्पिंडल सेल ट्यूमर" एवढंच लिहिलं आहे. म्हणजे कॅन्सर?
नाही. याचा अर्थ पेशी लांबट आहेत, एवढाच. यात साधे आणि घातक दोन्ही ट्यूमर येतात. पुढची तपासणी बाकी आहे असं समजा.

चॅटबॉटला काहीच विचारू नये का?
जरूर विचारा, पण वेगळं. रिपोर्टमधल्या अवघड शब्दाचा अर्थ विचारा, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करून घ्या. फोटो पाठवून गाठीचं नाव मात्र विचारू नका.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या गाठीबद्दलचा निर्णय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*